नावाड्याच्या मुलाची हाक

फार फार वर्षांपूर्वी, ज्या काळातल्या राजांची नावंही आता कुणाला आठवत नाहीत, एका मोठ्या नदीकाठी नावाड्यांचं गाव होतं. इथला पुरुष बुडाला तरी मदतीसाठी हाक मारत नाही, याचा त्या गावाला भारी अभिमान.

केरबा नावाड्यांचा म्होरक्या. त्याचा थोरला मुलगा ऐन पुरात भोवऱ्यात सापडला आणि तोंडातून चकार शब्द न काढता गेला. ‘मर्दासारखा गेला,’ म्हणत गावानं केरबाची पाठ थोपटली. केरबानंही मान ताठ ठेवली.

घरी बायको एवढंच म्हणाली, “तुमची नाव त्याच्या पुढंच होती. त्यानं हाक मारली असती, तर तुम्ही वळला असता.”

त्या दिवसापासून केरबाला घास गोड लागेना. पण हे तो कुणापाशी बोलला नाही. तेही मर्दाला शोभलं नसतं.

पुढच्या पावसाळ्यात धाकटा सदू पैलतीरी माणसं उतरवून एकटाच परतत होता. मधोमध नाव उलटली. काठावर सारं गाव जमलं होतं. पाण्यातून सदूचा आवाज आला, “बाबा, मी बुडतोय. मला धरा.”

कुणीतरी फिदीफिदी हसलं. केरबाचे पाय क्षणभर जागीच खिळले. मग त्यानं मुंडासं भिरकावलं आणि पाण्यात झेपावता झेपावता तोही ओरडला, “मला एकट्याला जमायचं नाही. दोर घेऊन या कुणीतरी.”

म्होरक्याच मदत मागतोय म्हटल्यावर चार तरणे धावले. सदू वाचला.

संध्याकाळी पारावर गावातला सर्वांत वडीलधारा नावाडी म्हणाला, “केरबा, तुझ्या पोरानं गावाचं नाव बुडवलं.”

केरबानं सदूला जवळ घेतलं. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते त्यानं पुसलं नाही. “थोरला गप्प राहिला म्हणून मी चारचौघांत मिरवलो आणि मनात जळत राहिलो. खरा अभिमान मला आज वाटतोय. सगळं गाव हसेल हे ठाऊक असून यानं हाक मारली. एवढी छाती माझी कधी झाली नाही.”

तो म्हातारा नदीकडे बघत हळूच म्हणाला, “माझा भाऊ असाच गेला. मी काठावरच होतो रे.”

तेव्हापासून त्या गावात पोरांना पोहायला शिकवण्याआधी हाक मारायला शिकवू लागले. पूर येतच राहिले, पण नदीनं नेलेल्या माणसांसाठी रडणारी घरं कमी झाली. आणि गाव आपल्या माणसांकडे पहिल्यापेक्षाही अभिमानानं पाहू लागलं.

तात्पर्य : मदत मागितल्यानं पुरुषपण जात नाही, ते मिरवण्याच्या हट्टापायी मात्र माणूस जातो.