भिवाने ध्रुव पक्का केला

आंबेखोरे गावात भिवा नावाचा एक भोळा गवंडी राहायचा. हाताला कसब होतं. डोक्यात मात्र सांगितलं तेवढंच शिरायचं, आणि शिरलेलं काही केल्या बाहेर पडायचं नाही.

त्याच गावातल्या लिमये मास्तरांना धूमकेतूचा फोटो काढायचा होता. त्यासाठी त्यांनी हौसेने लांबलचक दुर्बीण आणली होती. धूमकेतू थोडेच दिवस दिसणार होता. पुन्हा यायचा तो मास्तरांच्या पणतवंडांच्या काळात. मास्तरांचे गुडघे वाकत नसत, म्हणून दुर्बीण मांडायला त्यांनी भिवाला बोलावलं.

मास्तरांनी समजावलं. सगळं आभाळ फिरतं, ध्रुव तेवढा जागेवर राहतो. म्हणून स्टँडवरचा दांडा ध्रुवावर रोखायचा. मग दुर्बीण त्या दांड्याभोवती आभाळाच्या चालीने फिरते. दांडा केसभर चुकला, तरी एवढ्या लांब दुर्बिणीतून काढलेल्या फोटोत चांदणीची शेवई होते. आधी स्टँड पाणसळ लावून समतल घे, असं सांगून मास्तर कॅमेरा आणायला आत गेले.

भिवाने स्टँड पाणसळीत घेतला. वर बघतो तर दांडा तिरका. गवंड्याला तिरकं कसं बघवणार? त्याने ओळंबा सोडून दांडाही सरळ उभा केला. त्या संध्याकाळी फोटोत नुसत्या शेवयाच आल्या.

"अरे, ते ध्रुवाकडे तिरकंच हवं," मास्तर कळवळून म्हणाले.

"मग तसं सांगायचं की वो," भिवा म्हणाला.

दुसऱ्या दिवशी त्याने सरपंचांच्या गोठ्याची भिंत ध्रुवाकडे तिरकी बांधली. भिंत कोसळली, म्हशी दावी तोडून पळाल्या. सरपंच तणतणत मास्तरांच्या दारात आले. मास्तरांनी भिवाला पुन्हा समोर बसवलं आणि सांगितलं, की बांधकाम कसं पक्कं हवं, एकदा उभं राहिलं की हलता कामा नये. भिवाने मान डोलावली.

मग ढग आले आणि बसूनच राहिले. धूमकेतूची शेवटची संध्याकाळ तेवढी उरली. आदल्या रात्री उत्तरेकडे जरा उघडलं, तेव्हा भिवाने दांडा असा रोखला, की ध्रुव बरोब्बर मधोमध. मास्तरांचा आनंद गगनात मावेना. दुर्बीण तशीच अंगणात ठेवून सकाळी ते कॅमेऱ्याची बॅटरी आणायला तालुक्याला गेले.

संध्याकाळी परतले, तेव्हा आभाळ स्वच्छ होतं. पश्चिमेला डोंगरावर शेपटी फुलवलेला धूमकेतू टेकायला आला होता. मास्तरांनी घाईघाईने दुर्बिणीवरचं ओलं गोणपाट ओढलं. खाली सिमेंटचा चौथरा होता. त्यात स्टँड, दांडा आणि ध्रुवाकडे तोंड केलेली दुर्बीण, सगळं गळ्यापर्यंत चिणलेलं. वरून गुळगुळीत गिलावा.

"भिवा, दुर्बीण तिकडे वळायला हवी रे," मास्तर रडकुंडीला येऊन म्हणाले.

भिवाला त्यांची दया आली. म्हातारं माणूस, स्वतःच सांगतं आणि स्वतःच विसरतं. गिलाव्यावर पाण्याचा तांब्या ओतत तो समजुतीने म्हणाला, "ती आता हलवायची न्हाई, मास्तर. सिमिट अजून वलं हाय. त्या शेपटीवाल्यालाच जरा हिकडं सरकाया सांगा."