शेठजींचा स्वार्थ

एकदा एक धनाढ्य व्यापारी समुद्रापलीकडच्या मुलखातून एका डोंगराळ प्रदेशात आला. तिथल्या माथ्यावरच्या गावांना खाली बंदरापर्यंत उतरायला धड वाट नव्हती. "माझ्या राजाच्या वतीने मी तुम्हाला घाटातून गाडीवाट बांधून देतो," असे त्याने सांगितले. गावकरी हरखले, पण एवढा मोठा निर्णय तिथे एका वृद्ध गुरूंच्या शब्दावाचून होत नसे. मंडळी आश्रमात जमली.

गुरूंचा शिष्य कोपऱ्यात श्वास रोखून उभा होता. त्याची थोरली बहीण सगुणा माथ्यावरच्याच एका गावात दिली होती. गेल्या वर्षी ती बाळंतपणात अडली, तेव्हा तिला डोलीतून घाट उतरवेपर्यंत दिवस मावळला आणि मूल हाती लागले नाही. आता तिला पुन्हा दिवस गेले होते. शिष्याला त्या वाटेशिवाय दुसरे काही सुचत नव्हते.

गुरूंनी शांतपणे विचारले, "शेठजी, यात आपला लाभ काय?"

व्यापारी गडबडला. "छे, छे! लाभ कसला? हा निव्वळ धर्म आहे."

"मग ही वाट आम्हाला नको."

"देव आला द्यायला नि पदर नाही घ्यायला!" एक म्हातारा पुटपुटला.

व्यापाऱ्याने पागोटे काढून मांडीवर ठेवले आणि म्हणाला, "खरं सांगतो, महाराज. वर साठ गावं आहेत. गाडी वर चढली तर आमचं मीठ आणि कापड इथं खपेल. आमच्या राजाचाही त्यावर डोळा आहे."

गुरू प्रसन्न हसले. "आता बसा. गूळपाणी घ्या." मग त्यांनी दोन गोष्टी मागितल्या. वाट गावच्या हातांनी बांधली जावी, आणि मीठ उतरवून परतणारी एकही गाडी रिकामी जाऊ नये. इथला हिरडा आणि मध रास्त भावाने तिच्यातून खाली जावा. व्यापाऱ्याने दोन्ही मान्य केले.

मंडळी पांगताच शिष्य उसळला. "गुरुजी, तो धर्म म्हणाला तेव्हा नाकारलंत, आणि स्वार्थ कबूल केल्यावर गूळपाणी? माझा जीव टांगणीला लागला होता!" त्याचे डोळे भरून आले.

गुरूंनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. त्यांनाही सगुणेचे दुःख ठाऊक होते.

"बाळा, घाटातली वाट एकदा बांधून संपत नाही. दर पावसाळ्यात ती ढासळते. निव्वळ उपकार करणारा एकदा येतो, हार घालून घेतो आणि विसरतो. ज्याचं मीठ खाली अडतं, तो मात्र कुदळ घेऊन धावतो. स्वार्थ वाईट नाही रे. लपवलेला वाईट, आणि एकाच बाजूचा त्याहून वाईट. शेजारीण वाटीभर कालवण पाठवते, तेव्हा तिची वाटी आपण रिकामी परत करतो का? चिमूटभर साखर तरी घालतोच. त्या साखरेमुळे आपण याचक होत नाही, शेजारी राहतो."

शिष्याला निम्मेच पटले होते.

सात महिन्यांत वाट झाली. आषाढात एका वळणावर दरड कोसळली, तेव्हा खालून शेठजींची माणसे आणि वरून गावकरी एकदमच पोहोचले. तिसऱ्या दिवशी गाड्या सुरू झाल्या, आणि चौथ्या दिवशी सकाळी सगुणेला कळा आल्या. हिरडा भरून निघालेली एक गाडी तिच्या दारात थांबली. शिष्याने बहिणीला आधार देऊन वर चढवले आणि तोही सोबत बसला.

"ताई, पोत्यांना टेकून बसा," गाडीवान म्हणाला. "सावकाश हाकतो."

दुपार कलण्याआधी बंदरातल्या वैद्यांच्या घरातून तान्ह्या लेकीचे रडणे ऐकू आले. शिष्य धावत बाहेर आला आणि गाडीवानाच्या पायाशी वाकू लागला. गाडीवान संकोचून मागे सरला.

"अहो, पाया काय पडता? पोती उतरवायला हात लावा. मीठ भरून मला परत चढायचंय."

शिष्य रडता रडता हसला, आणि त्याने पहिले पोते पाठीवर घेतले.