‘येते’ म्हणालेली सून

फार फार पूर्वी, नद्यांना अजून नावंही मिळाली नव्हती तेव्हा, एका नदीच्या दोन काठांवर दोन भाषा होत्या. अलीकडच्या काठाची एक मुलगी पलीकडे सून म्हणून गेली.

मुलगी हुशार. सासू चुलीपाशी बसून एकेक शब्द सांगे आणि सून तो आपल्या शब्दावर ठेवून पाठ करी. ‘निमे’ म्हणजे येते, ‘तोले’ म्हणजे जाते. दोन वर्षांत ती भराभर बोलू लागली, तिला लेकही झाली. सासूसुनांचा एकमेकींवर फार जीव होता.

लेक बोबडं बोलू लागली, तेव्हा सासू वारली. तिकडची रीत अशी, की शेवटची मूठमाती देताना प्रत्येकाने ‘तोले’ म्हणायचं आणि मागे न बघता घरी यायचं. सुनेची पाळी आली. पण आपल्याकडे निघताना ‘जाते’ कोण म्हणतं? म्हटलंच, तर आई तोंडावर हात ठेवते. सुनेने डोळे पुसले आणि मायेनं म्हणाली, “निमे.”

सगळे तिच्यापासून दोन पावलं मागे सरले.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी सासूचा रिकामा पाट हाताला ऊबदार लागला. तिसऱ्या दिवशी सून लेकीला कडेवर घेऊन विहिरीकडे निघाली आणि पोचली ती सासूला पुरलं होतं तिथे. पाय आपोआप वळले होते. शेजारचं गवत नीट दाबून कुणी जागा केली होती, एका बाईला आणि एका चिमुरडीला पुरेल एवढी. खालून ओळखीचा, प्रेमळ आवाज आला, “निमे म्हणालीस ना गं?”

सून धावत सुटली ती नाव वल्हवणाऱ्या म्हातारीकडे. म्हातारी मूळची अलीकडचीच.

“अगं खुळे,” म्हातारी म्हणाली, “आपल्याकडे येते म्हणजे जाते. इथे येते म्हणजे येते! ती बिचारी वाट बघतेय. उद्याच तोले म्हणून ये. नाहीतर पाय तुला परत आणणार नाहीत.”

“आजी, असलं अभद्र तोंडातून कसं काढू?”

“अभद्र तुझा शब्द आहे, त्यांचा नाही. तू त्यांचा शब्द उचलतेस आणि खाली आपलाच ठेवतेस.”

दुसऱ्या दिवशी सून गेली. लेक इतकी बिलगली होती की खाली उतरेना. सुनेचे ओठ हलले, पण शब्द निघेना. ‘तोले’ म्हणू जावं, तर त्या शब्दाखालून ‘जाते’ वर येई. भुसभुशीत मातीत तिचे पाय घोट्यापर्यंत रुतले.

तेवढ्यात लेकीने हात हलवला आणि हसून म्हणाली, “तोले!” तिचा बाप रोज सकाळी असंच म्हणून शेतावर जाई आणि संध्याकाळी परत येई. लेकीला त्या शब्दात तेवढंच ठाऊक होतं.

सुनेने तो शब्द जणू पहिल्यांदाच ऐकला. “तोले, सासूबाई,” ती म्हणाली आणि तिला रडू फुटलं. दाबलेलं गवत हळूहळू उभं राहिलं.

पुढे माहेरी येता-जाता ती अलीकडे ‘येते’ म्हणे, पलीकडे ‘तोले’. नदीच्या मधोमध मात्र तोंडातून अक्षर काढत नसे. कोण कुठल्या भाषेत ऐकतंय, कुणास ठाऊक!

तात्पर्य: परका शब्द घ्यावा तर तो बोलणाऱ्या माणसांसकट घ्यावा, नाहीतर आपण बोलतो एक आणि ऐकणारा धरून बसतो दुसरंच.