उतर रे राजा

"मग कोपराचा व्यायाम सोडलास कधी?" भीमगीर बाबांनी विचारलं.

"दादा गेला तेव्हा."

"दादा गेला. कोपर दुखायचं गेलं का?"

मी खांद्यावरचा हंडा मठाच्या पायरीवर आदळला.

हा हंडा बाबांनीच मठासाठी सांगितला होता. दादा तो घडवत होता. अर्ध्या अंगावर त्याच्या हातोडीचे ठोके चमकत होते, उरलेलं अर्धं कोरंच होतं. आम्ही तांबट. घरात हातोडी धरणारा आता मी एकटा, आणि माझ्या उजव्या हाताला ती पेलत नव्हती.

"दुसऱ्या तांबटाला द्या," मी म्हणालो. "माझ्यानं नाही व्हायचं."

"त्याचे ठोके दादाच्या ठोक्यांशेजारी बसतील?"

"मग मी काय करू? तुम्हीच सांगा."

"दवाखान्यातल्या बाईंनी काय सांगितलं होतं?"

सोपंच होतं ते. हात मांडीवर टेकायचा, मूठ गुडघ्याच्या पुढे, मुठीत पाण्यानं भरलेला तांब्या. दुखऱ्या हातानं उचलायचं नाही. दुसऱ्या हातानं मूठ वर न्यायची. दुखऱ्या हातानं फक्त उतरवायचं, अगदी सावकाश.

"पण मूठ उचलायचा दादा," मी म्हणालो. "तुझा डावा हात आळशी आहे म्हणायचा. संध्याकाळी भट्टी विझली की समोर येऊन बसायचा. हाताला चिंचेचा वास असायचा, भांडी उजळून उजळून."

"आणि तू उतरवायला लागलास की?"

"म्हणायचा, उतर रे राजा, घाई कसली, गाडी थोडीच चुकतेय? आणि पाणी सांडलं की वहिनीला हाक मारायचा. अगं बघ, धाकटे दीर सडा घालतायत."

बाबा हसले. मलाही हसू आलं... आणि अर्ध्यातच राहिलं.

बाबांनी आत जाऊन तांब्या भरून आणला. माझ्या मुठीत दिला आणि समोर येऊन बसले. दादा बसायचा तसे.

मी हात मांडीवर टेकला. वाट पाहिली.

"उचला ना, बाबा."

बाबांनी दोन्ही हात पाठीमागे नेले.

मला राग आला. तांब्या अंगणात भिरकावून निघून जावं असं वाटलं. बाबा नुसते बघत होते. ना रागावले, ना समजूत घातली.

...

शेवटी मी डावा हात मुठीखाली घातला.

बोटांवरचे घट्टे उजव्या हाताला लागले. खरखरीत, कडक. रोज पत्रा धरून धरून पडलेले. दादाच्या हाताला असेच होते.

मूठ वर गेली. मग मी डावा हात काढून घेतला. तांब्या उतरू लागला.

"काय म्हणायचा तो?" बाबांनी हळूच विचारलं.

"उतर रे राजा..."

माझी नजर तांब्याच्या काठावरच होती.

मूठ खाली आली. पाणी सांडलं नव्हतं. कोणी न सांगता मी डावा हात परत मुठीखाली घातला.

ऊन पायरीवरून निघून गेलं तेव्हा मी उठलो. हंडा खांद्यावर घ्यायला वाकलो.

"तसा नको," बाबा माझ्या डाव्या हाताकडे बघत म्हणाले. "आणताना एकट्यानं आणलास. नेताना दोघं भाऊ मिळून न्या."