बिनभोकाची कुंडी

कुंड्यांना वाचा होती तेव्हाची गोष्ट. नलूकाकूंच्या गच्चीवर तेलाच्या जुन्या डब्याशेजारी चिनी मातीची नवी कुंडी येऊन बसली. डब्याच्या बुडाला काकूंनी खिळ्याने भोकं पाडली होती, त्यामुळे पाणी घातलं की तो गळायचा.

कुंडीने नाक मुरडलं. "अहो डबेराव, काय हा गळकेपणा! माझ्यातून थेंब जाणार नाही."

"बाई गं, मुळांना हवाही लागते," डबा म्हणाला.

"गळक्यांच्या सबबी!"

महिन्याभरात डब्यातली मिरची लगडली, आणि कुंडीतला मोगरा मुळापासून कुजला. काकूंनी तो उपटून टाकला.

आता कुंडी दाराशी ओल्या छत्र्या सांभाळते आणि येईल त्याला सांगते, "मोगऱ्याला मी काही कमी पडू दिलं नाही हो!"