येताना कांदा आणावा

फार लांब नाही आणि फार जुनंही नाही, असं एक रान होतं. तिथे झुपकेराव नावाचा कोल्हा राज्य करत असे. शेजारच्या गावातून कोंबडी पळवून आणायची आणि दरबारात वाटून खायची, असा तिथला साधा कारभार होता. पुढे गावकऱ्यांनी कुत्री पाळली आणि महाराजांना पळापळ झेपेना. तेव्हा राजवाड्याच्या परसात स्वतःची कोंबडी स्वतः वाढवायचं ठरलं. घरची कोंबडी ताजी असते, चविष्ट असते आणि जवळजवळ फुकट पडते, असं महाराजांना एकाने सांगितलं होतं. त्याने स्वतः कधी कोंबडी पाळली नव्हती. तो सल्लागार होता.

पिल्लं आली. त्यांना ऊब हवी म्हणून शेगडी आली, शेगडीला कोळसा आला. खाली पसरायला भाताचं तूस आलं आणि ते ओलं झालं की बदलायला दुसरं आलं. मक्याचा भरडा तर असा संपायचा की कोठारातल्या उंदरांनी उपासमारीची तक्रार केली. काही पिल्लं मानमोडीच्या साथीत गेली. काही राखणीला ठेवलेल्या मुंगसाने पगाराची उचल म्हणून उचलली. अखेर एक कोंबडी ताटात आली. राणीसाहेबांनी तिची तंगडी हातात घेऊन पाहिली.

"अहो, बाजारातून आणली असती तर निम्म्यात पडली असती," त्या म्हणाल्या. "ही खायला नको. माझ्या दागिन्यांच्या पेटीत ठेवते."

महाराजांनी ताट बाजूला सारलं. त्यांनी राज्याचे सचिव बगळेसाहेब यांना बोलावून घेतलं.

"महाराज, कोंबडी महाग नाहीच," बगळेसाहेब एका पायावर उभे राहून म्हणाले. "वजन कुणाचं वाढतं? कोंबडीचं. मग खर्च आपण का करायचा?"

दुसऱ्या दिवशी सकाळी खुराड्याचं दार उघडलं आणि महाराज ओट्यावर आले.

"बंधूंनो, भगिनींनो आणि अंड्यांनो," ते म्हणाले, "आजवर तुम्ही आयत्या दाण्यावर जगलात. तुमच्यासारख्या स्वाभिमानी पक्ष्यांना ते शोभतं का? आजपासून तुम्ही स्वतंत्र आहात. आपला दाणा, आपलं खुराडं, आपलं वजन. ज्याचं पोट भरेल, तोच रान घडवेल."

कोंबड्यांचे डोळे भरून आले. त्यांच्या पोटाला आजवर एवढा मान कुणी दिला नव्हता. स्वातंत्र्य मिळालं म्हणून लगोलग निवडणूकही झाली. उमेदवार दोन होते, झुपकेराव आणि झुपकेरावांचा मेव्हणा. झुपकेराव प्रचंड मतांनी आले. रानातलं मक्याचं एकमेव दुकान मेव्हण्याला मिळालं, कारण पराभूतांचाही मान राखायची तिथे पद्धत होती.

आता कोंबड्या दिवसभर राबू लागल्या. अंडी विकायची आणि मका घ्यायचा, तो खाऊन जाड व्हायचं. दर बाजाराच्या दिवशी राजवाड्यासमोर काटा लागे. जिचं वजन सगळ्यांत जास्त भरेल तिला 'रानभूषण' पदवी मिळे, गळ्यात लाल फीत पडे आणि तिला राजवाड्यामागच्या सत्कारभवनात नेत. सत्कारभवनाला मोठं धुराडं होतं. तिकडून फोडणीचा वास आला की राज्यात सुबत्ता आहे याची सगळ्यांना खात्री पटे. सत्काराला गेलेल्यांपैकी कुणी परत येत नसे. ते वर गेले, असं बगळेसाहेब सांगत, आणि त्यात खोटं काही नव्हतं.

या रानात भुरी नावाची एक म्हातारी कोंबडी होती. हाडाला मांस नव्हतं म्हणून ती टिकून होती. तिची एकुलती एक लेक ठिपकी. पोरगी गुणी होती, पण तिला रानभूषण व्हायचं होतं. ती इतकी जाड झाली होती की दोन पावलं टाकली की पाय दुमडून बसायची आणि बसल्या बसल्या खायची. आईचा जीव खालीवर व्हायचा.

"ठिपके, पुरे गं आता," भुरी म्हणाली. "तुला धड उभं राहता येत नाही."

"उभं राहायची गरज काय, आई? दाणा समोरच आहे."

"सत्काराला गेलेलं कुणी माघारी आलेलं मी पाहिलं नाही."

"ते वर गेलेत."

"वर म्हणजे कुठं, ते विचारलंस कधी?"

"तू ना, नेहमी वाकडंच बोलतेस," ठिपकी म्हणाली. "जुन्या खुराड्यात होतो तेव्हा काय मोठं सुख होतं? तेव्हा तर फीतसुद्धा नव्हती."

भुरीने आठवून पाहिलं. जुन्या खुराड्यात खरंच फीत नव्हती.

इकडे बचतीची गोडी लागलेल्या सरकारने सत्कारमूर्तींना न्यायची गाडी बंद केली. आरोग्यासाठी चालत या, असा हुकूम निघाला. कोंबड्या धापा टाकत चालत जाऊ लागल्या. मग सरपण सोबत आणा, असा हुकूम निघाला. कोंबड्या चोचीत काटक्याही धरून गेल्या. शेवटी तिसरा हुकूम आला. सत्काराला येताना प्रत्येकीने एक मोठा कांदा, चार मिरच्या आणि मूठभर कोथिंबीर स्वखर्चाने आणावी.

तेव्हा मात्र कोंबड्यांचा संयम सुटला. कांदा महाग होता. कांदासुद्धा मेव्हण्याच्याच दुकानात मिळायचा. विरोधी पक्षाचे नेते तुरेराव कोंबडे रोज पहाटे आरवायचे, ते त्या दिवशी दुपारीसुद्धा आरवले. रानाने कधी पाहिला नव्हता एवढा मोर्चा राजवाड्यावर निघाला. सगळ्यांत पुढे ठिपकी होती. तिला चालवत नव्हतं म्हणून चौघींनी तिला पाटीत बसवून उचललं होतं.

"आमचं अंग, सरकारचा कांदा!" तुरेराव ओरडले. मागून तीच घोषणा घुमली.

भुरी धावत पुढे आली आणि तुरेरावांच्या वाटेत उभी राहिली.

"तुरेरावदादा, कांद्याचं काय घेऊन बसलात?" ती म्हणाली. "जायचंच कशाला, ते विचारा ना. माझी एकच पोर आहे हो."

मोर्चा क्षणभर थांबला. तुरेरावांनी भुरीच्या पाठीवर प्रेमाने पंख ठेवला.

"भुरीबाई, तुमच्या भावना कळतात मला," ते म्हणाले. "पण मागणी एका वेळी एकच करावी. उगाच मूळ मुद्द्याला फाटे फोडू नका."

कुणीतरी मागून म्हणालं, की ही सरकारची हस्तक असणार. मोर्चा तिला वळसा घालून पुढे गेला.

थोड्या वेळाने महाराज ओट्यावर आले. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. आत कांदा चिरणं चालू होतं, पण बाहेर ते कुणाला दिसत नव्हतं. आपल्या लेकरांचे हाल आपल्याला बघवत नाहीत, असं म्हणून त्यांनी निम्मा कांदा सरकारतर्फे देण्याची घोषणा केली. एकच जल्लोष झाला. तुरेरावांना हार घातले गेले. वजन करायची गरजच नव्हती, रानभूषण ठिपकीच ठरली. पाटी सत्कारभवनाच्या दाराशी पोचली, तशी तिने मान वळवून गर्दीत आईला शोधलं आणि पंखात धरलेला अर्धा कांदा उंच करून दाखवला.

"आई, बघ," ती म्हणाली, "फुकट मिळाला."

दार लागलं. भुरी तिथेच बसून राहिली, तिला कुणी हटकलं नाही. धुराड्यातून फोडणीचा वास आला, तेव्हा कोंबड्या आनंदाने घरी निघाल्या होत्या. लढा यशस्वी झाला होता. कोथिंबिरीचा प्रश्न मात्र तुरेरावांनी पुढच्या निवडणुकीसाठी राखून ठेवला आहे.