अंगठ्याचे निळवे

करंजखिंडीच्या दुकानात मीठ अजून लाकडी निळव्यानेच मोजतात. निळवे म्हणजे चिपट्याहूनही लहान, ओंजळीत सहज मावणारे माप. पण इथे मोजणारा ते धरतो तोच मुळी अंगठा आत बुडवून! घाट चढून आलेले पाहुणे हे बघून हटकून भांडतात. त्यांना पोटभर भांडू द्यावे आणि मग हौसाईची गोष्ट सांगावी, असा इथला रिवाज आहे.

फार मागे खालच्या मुलखात लढाई पेटली आणि कोकणातून मीठ आणणारे बैलांचे तांडे येईनासे झाले. गावात उरले एक रांजण मीठ. ते वाटायला रायाजी पाटलांनी हौसाईला बसवले, कारण तिच्या हाताबद्दल कोणी ब्र काढला नसता. घरटी आठवड्याला एक निळवे आणि पठारावरच्या धनगरांना चिमूटभरही नाही, असे ठरले. मापात पाप करील त्याचा अंगठा तोडायचा, हेही ठरले.

त्याच आठवड्यात हौसाई पठारावर शेण्या वेचायला गेली. तिथे भरल्या दिवसांची एक धनगरीण, गुरांना मीठ ठेवायचा दगड वाकून चाटत होती. हौसाईला पाहताच ती ओशाळली आणि तोंड पुसून चालती झाली.

हौसाई घरी आली खरी, पण बूड टेकेना. चुलीपाशी बसावे तर उठावे, दारापर्यंत जावे तर परत फिरावे. भाकरी करपली. पाटलांना सांगावे तर ठराव झालेला, गप्प बसावे तर तो दगड डोळ्यांपुढून हलेना.

पुढच्या वाटपाला तिचा अंगठा मापात गेला. त्याने राखलेले मीठ गाडग्यात साठवून ती पठारावर पोचवू लागली. कोणी नुसते "काय हौसाई?" म्हटले तरी ती दचके. शेवटी तिच्या सुनेनेच, सगुणेने, ते पाहिले आणि गावभर झाले.

चावडीवर पाटील म्हणाले, "हौसा, समद्यांच्या देखत माप भर. अंगठा भायेर ठिवून."

तिने निळवे उचलले. अंगठा आतच गेला, म्हणे.

"न्हाई जमत, पाटील. तोडा त्यो. पर वर बाळंतीण हाय, तिला मीठ धाडा."

सगुणा रडतच पुढे आली. तिने सासूच्या हातून निळवे घेतले, स्वतःचा अंगठा आत घालून भरले आणि पाटलांपुढे धरले. पाटलांनी ते रांजणात रिते केले आणि स्वतः पुन्हा भरायला घेतले. मग त्यांचाही अंगठा आत गेला.

तांडे यायला पुढे वर्ष लोटले. तोवर मीठ कुणालाच पुरले नाही आणि अळणी कालवणाने गावाची तोंडे वाकडी झाली, असे सांगतात. पण ती धनगरीण आणि तिची लेक, दोघी तगल्या.

आजही अंगठ्याने राखलेले मीठ दुकानाच्या पायरीवरच्या गाडग्यात पडते आणि कोणीही वाटसरू ते उचलून नेतो. गावात आलेली नवी सून पहिल्यांदा माप हातात घेते, तेव्हा विचारतेच, "आत्याबाई, अंगठा किती आत घालायचा?"

सासू म्हणते, "जीव थाऱ्यावर येईस्तवर."